दोनदा दाबायचा ब्रेक

आमच्या जुन्या गाडीचा ब्रेक दोनदा दाबावा लागायचा. पहिल्यांदा पाय नुसता खाली जायचा, दुसऱ्यांदा गाडी धरायची. आमच्या ह्यांच्या पायाला त्याची इतकी सवय झाली होती की शेजारी बसलेल्याला पत्ताही लागत नसे.

हे कळंबच्या हायस्कुलात शिक्षक. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. थोरलीला पुण्यात इंजिनिअरिंगला घालायचं म्हणून गाडी विकायची ठरली. आळेफाट्याच्या मेस्त्रीने गाडीखाली वाकून बघितलं आणि सांगितलं, "सर, पस्तीस हजाराच्या वर सांगू नका. पत्रा गंजलाय, ब्रेकचं काम हाय." ह्यांनी पंचावन्न सांगायला सुरुवात केली. ब्रेकचं काम काही केलं नाही.

दोन महिने कुणी फिरकलं नाही. मग एका रविवारी सकाळी जुन्नरहून एक बांगड्यांचे व्यापारी आले. सोबत बायको, तिच्या मांडीवर सहा-सात महिन्यांची मुलगी. आठवडे बाजारांना माल न्यायला गाडी हवी होती. गाडीभोवती एक चक्कर मारून ते म्हणाले, "पंचावन्न तर पंचावन्न. सर माणूस हायेत, फसवायचे न्हाईत."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

नारायणगावच्या दिशेने चक्कर मारायला निघालो. पुढे हे आणि ते व्यापारी, मागे मी आणि त्यांची बायको, बाळ घेऊन. जाताना हे चालवत होते. परत फिरताना ते व्यापारी म्हणाले, "आता मी बघतो चालवून."

हे उतरले. वाटलं, आता सांगतील. न बोलता दुसऱ्या बाजूने येऊन बसले.

गाडीने वेग घेतला. बाळ माझ्या बांगड्यांशी खेळत होतं. उताराला वळण आलं आणि वळताच समोर उसाची ट्रॉली, रस्त्यातच उभी. त्यांनी ब्रेकवर पाय मारला. गाडी तशीच पुढे.

"दोनदा! दोनदा दाबा!" मी किंचाळले.

गाडी थांबली तेव्हा ट्रॉलीबाहेर आलेले ऊस काचेपासून वीतभर लांब होते. मग बाळ रडायला लागलं.

ते व्यापारी खाली उतरून रस्त्याच्या कडेला बसले. त्यांच्या बायकोने बाळाला छातीशी धरलं आणि मला विचारलं, "ताई, तुमाला ठावं व्हतं?"

"होतं," मी म्हणाले.

"आन तरी बसलात आमच्यासंगं?"

हे गाडीला टेकून खाली बघत उभे होते. त्या दोघांनी मागून आलेल्या एसटीला हात केला आणि ते निघून गेले. जाताना त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आठ दिवस आमच्या घरात ताट वाढण्यापुरतं बोलणं झालं. मला राग ह्यांचा होता, पण रात्री डोळ्यांसमोर ते बाळ यायचं आणि वाटायचं, अंगणातच तोंड उघडायला मला कुणी अडवलं होतं?

नवव्या दिवशी शाळेतून आल्यावर चहा न घेताच हे गाडी घेऊन आळेफाट्याला गेले. ब्रेकचं काम करून घेतलं. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन एकटेच जुन्नरला गेले, त्या व्यापाऱ्यांच्या दुकानात. तिथे काय झालं ते ह्यांनी तुटक तुटक सांगितलं. तासभर ह्यांना कुणी बसा म्हटलं नाही. ह्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं: गंजलेला पत्रा, घसरणारा क्लच, ब्रेकचं आधीचं आणि आताचं. मेस्त्रीची चिठ्ठी काढून समोर ठेवली.

"मग?"

"चौतीसला दिली. आधी जुन्नरच्या मेस्त्रीला दाखवून आणली त्यांनी."

"परवडलं का?"

हे म्हणाले, "गाडीची किंमत तेवढीच होती."

पुढच्या बुधवारी ते दोघे गाडी न्यायला आले. फॉर्मवर सह्या झाल्या. त्या बाईने चहा घेतला. बाळाला मात्र माझ्याकडे दिलं नाही.