भात्याला कोण बसायचं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका केटररचं पातेलं. मोठं पितळी, दोघांनी धरून उचलायचं. दुपारी तीनच्या सुमाराला कल्हई झाली. बायको हात पुसून आत गेली, चहा टाकला, आम्ही प्यायलो. त्याच संध्याकाळी दवाखान्यात ती गेली.

एवढं मी सगळ्यांना सांगतो. भेटायला येणारे मान हलवतात. म्हणतात, अखेरपर्यंत साथ दिलीत हो एकमेकांना. दिली — तिनं दिली. पण त्या दुपारी दार आतून लावलेलं होतं, हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. तुमच्यापाशी बोलतो. का, ते विचारू नका. मला विचारून कधी कुणाला खरं उत्तर मिळालंय?

कसब्यात आमचं कल्हईचं दुकान. पुढच्या खोलीत भट्टी, मागच्या खोलीत संसार. आता कल्हई कुणाला माहीत नाही, तांब्याच्या बाटलीतून पाणी पिऊन शहाणे झालेत सगळे. तर सांगतो. भांडं भट्टीवर लाल होईस्तोवर तापवायचं, त्यात नवसागराची पूड टाकायची, वर कथिल फिरवायचं, कापसाच्या बोळ्यानं झरझर पुसायचं. चांदीसारखं निघतं. पण नवसागर पडला की पांढरा धूर उठतो — नाकात झोंबतो, घशाला मिठी मारतो. आणि भट्टीला सतत वारा लागतो. तो भात्यानं द्यायचा. कातड्याचा भाता, त्याचा दांडा खालीवर करत बसायचं. भांडं धरणाऱ्याला ते जमत नाही. दुसरं माणूस लागतंच.

ते दुसरं माणूस म्हणजे सुमन, माझी बायको. लग्न होऊन आली त्या वर्षापासून.

माझे वडील चौकात छाती काढून सांगायचे, आमच्या घरची बाई भट्टीला बसत नाही. त्यांच्या हाताखाली तीन गडी होते, त्यांना शोभायचं. स्टीलची भांडी आली, गडी गेले — वाक्य तेवढं माझ्याकडे राहिलं. मीही तेच सांगत फिरलो. मग करायचं काय? दार लावायचं. कुणी विचारलं तर म्हणायचं, घराण्याचं गुपित आहे, कल्हई लावताना कुणी बघायचं नाही. गुपित! नवसागर, कथिल आणि कापूस, यात कसलं डोंबलाचं गुपित?

लोक काय आंधळे होते? एकदा मी चौकात पान खात उभा होतो आणि आत भाता चालू. समोरच्या गोदाक्का वरून ओरडल्या, “काय हो, मालक रस्त्यात आणि भाता आपला आपला चालतो? यंत्र बसवलं वाटतं!” सगळी गल्ली हसली. मीपण हसलो. आत जाऊन सुमनला म्हणालो, मी बाहेर असलो की भाता मारत जाऊ नकोस. म्हणजे बघा — सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांना माहीत आहे हे मलाही माहीत होतं. तरी दार लावलेलंच. कुणासाठी?

दार उघडं असतं तर धूर गल्लीत गेला असता. लावलेलं म्हणून तो खोलीत राहायचा. मला असह्य झालं की मी बाहेर जाऊन उभा राहायचो. तिला जाता यायचं नाही. तोंडाला काजळी लागलेली बाई दुकानातून बाहेर आली तर माझं वाक्य खोटं पडलं असतं ना.

खोकला किती वर्षं होता, मोजला नाही. आम्ही त्याला ‘तिचा खोकला’ म्हणायचो, तिचा स्वभाव म्हणावा तसं. मग देवळाच्या दहा पायऱ्यांत दोनदा बसायला लागली, तेव्हा छातीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणजे आमच्या मुलीच्या वयाची बाई. तिनं एका नळीत फुंकायला लावलं. फुंका, अजून, अजून, सोडू नका. तीन वेळा फुंकलं आणि सुमन घामानं निथळली.

“आजी, विडी, तंबाखू?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. सुमननं नाही म्हणून मान हलवली. “चुलीवर स्वयंपाक? धुराचं, धुळीचं काम कधी केलंय?”

सुमननं तोंड उघडलं — आणि मी बोललो. “छे हो. घरीच असते. गॅस आहे आमच्याकडे.”

खोलीत आमच्या गल्लीतलं कोणी नव्हतं. डॉक्टर, एक नर्स आणि आम्ही दोघं. कुणापुढे माझी लाज जाणार होती? सुमनच्या उजव्या तळव्यावर भात्याच्या दांड्याचा घट्टा होता. तिनं मूठ मिटून पदराखाली घेतली. मला खोटं पाडायला नको म्हणून.

बाई म्हणाल्या, आश्चर्य आहे, यांची फुप्फुसं वर्षानुवर्षं धुरात बसलेल्या माणसासारखी झालीत. घराजवळ कबुतरं आहेत का, त्यांच्या विष्ठेनंही छाती बिघडते. “आहेत!” मी म्हणालो. “खूप आहेत!” एवढ्या घाईनं मी आयुष्यात कुणाला उत्तर दिलं नसेल.

मग त्यांनी समजावलं. आतल्या नळ्या आखडतात, हवा आत जाते पण पुरती बाहेर निघत नाही, कोंडून राहते. झालेलं नुकसान भरून येत नाही, पण पुढचं अडवता येतं. तोंडात ओढायचा औषधाचा पंप रोज घ्यायचा, बरं वाटलं तरी. ओठांचा चंबू करून श्वास सावकाश सोडायचा. आणि सगळ्यात आधी — धूर असेल तिथे थांबायचं नाही. त्याशिवाय औषधाचा फार उपयोग नाही. चौथी शिकलेल्याला कळेल असं बोलल्या. मला कळलं नाही असं म्हणायची सोय नाही.

घरी येऊन मी काय केलं? खिडकीला जाळी बसवली. कबुतरांसाठी. गल्लीनं कौतुक केलं, बायकोसाठी किती करतो म्हणून. बिचारी कबुतरं.

आणि भट्टी? विजेचा ब्लोअर तेव्हा सगळ्या कल्हईवाल्यांकडे आला होता. बटण दाबलं की वारा. मी नाही घेतला. माझ्याकडे ती होती.

इथपर्यंत सांगून थांबलो असतो तरी तुम्ही मला ओळखलं असतं. पण अजून आहे.

पंप ओढला की तिला दोन-तीन तास बरं जायचं. छाती मोकळी व्हायची, चेहऱ्यावर रंग यायचा. ते माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून मी कामं त्या वेळात लावायला लागलो. भट्टी पेटवायची, तिला म्हणायचं, पंप घेतलास का? लोकांना वाटायचं काळजीनं विचारतोय. ती पंप ओढायची, चूळ भरायची आणि भात्याला बसायची. डॉक्टरीणबाईंनी शिकवलेला श्वास तिनं भात्याशी जुळवला होता — दांडा खाली, ओठांचा चंबू, हळू सोडायचा. दांडा वर, घ्यायचा. औषध तिला जगायला दिलं होतं. मी ते भट्टीला घातलं. तीन वर्षं.

मध्ये पेपरात लिहिणारी एक मुलगी आली. जुने कारागीर म्हणून फोटो काढले. भाता कोण मारतं, तिनं विचारलं. मी म्हणालो, चाळीस वर्षं एकट्यानं करतोय. सुमननं आतून चहा आणून दिला. ते कात्रण फ्रेम करून मी भिंतीवर लावलंय. आता शेजारी तिचा फोटो आहे, हार घातलेला.

त्या दुपारी केटररचा माणूस पाचला येणार होता. सुमन भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, “अहो, आज नको वाटतंय.” सगळ्या संसारात हे वाक्य तिनं पहिल्यांदा उच्चारलं.

मी म्हणालो, “पंप घे ना.”

तिनं घेतला. मी दार लावलं.

चहानंतर कप ठेवायला उठली ती तिथेच ओट्याला धरून राहिली. रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं होतं आणि ओठांचा चंबू शेवटपर्यंत तसाच होता. दिवेलागणीला सगळं आटोपलं. मुलगी, शोभा, लांब परगावी दिलेली. ती येईपर्यंत रात्रभर दवाखान्यातच ठेवलं.

सकाळी कागद करायला खिडकीपाशी गेलो. शोभा शेजारी उभी होती. ती भात्याच्या आवाजावर झोपून मोठी झालेली आहे. कारकुनानं नाव लिहिलं, वय लिहिलं. मग वर न बघता विचारलं, “मयताचा व्यवसाय?”

शोभानं माझ्याकडे बघितलं.

“काही नाही,” मी म्हणालो. “घरीच असायची.”

“विडी, तंबाखू, काही व्यसन?”

“नाही.”

त्यानं दोन्ही जागी रेघ मारली आणि कागद माझ्याकडे फिरवला. मी सही केली. अक्षर चांगलं आलं.