पायाळू अंजनीची सकाळ

आमच्या दोन खोल्यांमधली भिंत एका विटेची होती. त्यामुळे अंजनीच्या घरचं भांडण आपल्या घरात बसूनच ऐकावं लागायचं, कान द्यायचीही गरज नसायची. अठ्ठ्याऐंशी साल असेल. मी तांदूळ निवडत होते आणि पलीकडे तिची सासू सुंदराबाई मुलाला सुनावत होती.

"सुदाम, हिचं पाय लावणं बंद कर. लोकांच्या पाठीतलं दुखणं हिच्या पायात चढतं आणि पोरीच्या पायात उतरतं. रोज दिवेलागणीला पोर रडते ती काय हौसेनं?"

"आणि विष्णुपंतसाहेबांना काय सांगू? त्यांची सही झाल्याशिवाय मी पर्मनंट होत नाही."

"साहेबाची पाठ मोठी का तुझी पोर?"

पलीकडे भांडी आपटली. मग अंजनीचा आवाज आला, अगदी हळू. "आत्याबाई म्हणतात ते खरं असेल."

 सात वर्षांत त्या बाईने सासूची री ओढलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

अंजनी पायाळू होती, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेली. पायाळू माणसाने पाय लावला की पाठीत भरलेली उसण उतरते असं आमच्याकडे मानतात. विठ्ठलवाडी डेपोच्या मागे आमची चाळ. चाळीत निम्मे लोक अंबरनाथच्या कारखान्यांत वजनं उचलणारे, निम्मे डेपोतले. पाठींना काय तोटा? बदलापूरला माहेरी होती तेव्हा सातव्या वर्षापासून तिला लोक उचलून न्यायचे. लग्न होऊन इकडे आली तर तिच्या आधी तिची कीर्ती येऊन बसलेली.

या कामाचे नियम असे की, घ्यायचं काही नाही, नाही म्हणायचं नाही, आणि पाय लावायचा तो सकाळी, पारोशा अंगाने. म्हणजे कुणाच्या पाठीत केव्हा चमक भरेल ते कळेपर्यंत हिने आंघोळ करायची नाही. नळ सातला जायचा. पहिल्या पाळीचे लोक साडेसहाला दारात वाकून उभे. बाकीच्या बाया घागरी भरून मोकळ्या व्हायच्या तेव्हा अंजनी जमिनीवर पालथ्या पडलेल्या कुणाच्या तरी पाठीवर डावा पाय टेकवून उभी असायची. तिची आंघोळ गावाच्या हातात होती म्हणा ना. माहेरी गेली तर दुसऱ्या दिवशी बदलापूरला माणूस हजर. कपाळावर घाम, एक हात कमरेवर, "वहिनी, चला ना."

त्या भांडणानंतर मात्र तिने पाय लावणं बंद केलं. कारण असं होतं की कुणाला पुढे बोलता येईना. लेकरावर उतरतंय म्हटल्यावर कोण आग्रह करणार? सुदामचे डेपोतले साहेब विष्णुपंत स्कूटरवरून तिरके होऊन आले आणि तसेच परत गेले. सुदामने आठवडाभर तोंड फुगवलं. आणि अंजनी साडेपाचला नळावर, सहाला न्हाऊन केस झटकत गॅलरीत. स्टेशनापलीकडच्या बालवाडीत मदतनीस बाईची जागा होती, सकाळी साडेसातला हजर राहायचं. ती तिने धरली. नववी शिकलेली होती, मुलांची गाणी तिला चांगली येत. परतताना चपला वाजवत यायची. आधी तिच्या चपलांना आवाज होता हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

तिच्या पोरीचं, मीनलचं, पायाचं दुखणं मात्र चालूच. सुंदराबाई म्हणायची, इतक्या वर्षांचं साठलेलं आहे, निघायला वेळ लागणार. तिने विटकर तापवून शेक दिला, त्यात पोटरीवर फोड आला. मग नऊवारीच्या पट्ट्या फाडून पोरीचे दोन्ही पाय मांडीपासून घोट्यापर्यंत आवळून बांधले आणि तिला खाटेवर बसवली. पळायचं नाही, उतरायचं नाही, शाळेतही जायचं नाही. बाहेर पोरी लंगडी खेळायच्या आणि मीनल खिडकीच्या गजांना गाल लावून त्यांचे आउट मोजायची.

तो फोड पाहिला आणि मीच अंजनीला म्हटलं, चल, डॉक्टरला दाखवू. पोलिओचीही धास्ती होतीच. उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात एक सिंधी डॉक्टर होते, लहान मुलांचे. त्यांनी आधी त्या पट्ट्या सोडायला लावल्या. गुडघे, घोटे चाचपले. एकाच पायात दुखतं का दोन्ही? दोन्ही. सकाळी उठल्यावर? सकाळी काही नसतं. सूज, ताप, लंगडणं? नाही. मग त्यांनी तिला दवाखान्याच्या बोळात पळायला सांगितलं. महिनाभर बांधलेली पोर अशी सुटली की कंपाउंडरला धावावं लागलं.

डॉक्टर हसले. "माई, वाढत्या वयात होतं असं. का होतं ते आम्हालाही पक्कं माहीत नाही. संध्याकाळी कोमट तेलाने हलक्या हाताने चोळा, कोमट कपड्याने शेका, पाय सावकाश ताणा. और बाहर खेलने दो. एकाच पायात दुखलं, सांधा सुजला, ताप आला, सकाळी लंगडली, तर मात्र त्याच दिवशी घेऊन या."

औषध दिलं नाही म्हणून मला जरा फसल्यासारखं वाटलं. पण अंजनी उठायलाच तयार नाही. रिक्षात बसल्यावर मीनल माझ्या मांडीवर पेंगली तेव्हा ती म्हणाली, "काकू, काहीतरी निघालं असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं मला. क्षणभर. मी आई आहे ना हो हिची?"

मी म्हटलं, "माझी सासू सहा वर्षं अंथरुणात होती. मला काय काय वाटायचं ते मी विठ्ठलालासुद्धा सांगितलेलं नाही. गप बस."

 घरी गेल्यावर आम्ही सुंदराबाईला डॉक्टर 'बघतो' म्हणाले एवढंच सांगितलं. सुंदराबाईने पट्ट्या परत बांधल्या. अंजनी रोज संध्याकाळी सासू देवळात गेली की त्या सोडायची, तेल कोमट करून पोटऱ्या चोळायची, तळवे आपल्या पोटाशी धरून पाय ताणायची आणि सासू यायच्या आत पुन्हा बांधून टाकायची. आठ-दहा दिवसांत भिंतीपलीकडचं रडणं थांबलं. पण सासूने विचारलं की मीनल म्हणायची, दुखतंय.

एकदा मी वाटीभर पिठलं द्यायला गेले तेव्हा ही मालिश चालू होती. अंजनीने सहज विचारलं, आज कुठं दुखतंय गं? मीनलने दाराकडे पाहून घेतलं.

"दुखत नाही आता. पण आजीला सांगू नको. मी बरी झाले की तुला परत लोकांच्या पाठीवर उभं राहावं लागेल ना."

अंजनीने विचारलं, "किती दिवस झाले थांबून?"

"सोमवारपासून. मी बसते ना खिडकीत. तू जा बालवाडीत."

सुंदराबाई देवळातून आली तेव्हा पट्ट्या चुलीपाशी घडी करून ठेवलेल्या होत्या आणि मीनल खाली लंगडी खेळत होती. अंजनीने सासूला डॉक्टरांचं सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. हे वाढीचं आहे, कुणाच्या पाठीचं नाही. सुंदराबाई बरी म्हणावी अशी बाई होती, तिने देवापुढे साखर ठेवली, डोळे पुसले. आणि लगेच पुढचं बोलली, "म्हणजे तुझ्या पायाला काही दोष नाही. सुदाम, उद्या साहेबांना कळव हो."

अंजनी माझ्याकडे बघून हसली. तसं हसणं मी पुन्हा बघितलं नाही, बघायची इच्छाही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात विष्णुपंत, त्यांच्यामागे आणखी तिघे. दीड-दोन महिन्यांच्या पाठी तुंबलेल्या. बालवाडीने चार दिवस वाट पाहिली आणि दुसरी बाई ठेवली. सुदाम पर्मनंट झाला. आणि मीनलचे पाय बरे झाले हे कळल्यावर संध्याकाळी चाळीतल्या आया आपापली पोरं घेऊन यायला लागल्या. अंजनी प्रत्येकीला डॉक्टरांचेच प्रश्न विचारायची आणि स्वतः न चोळता त्या पोराच्या आईच्याच हातून चोळून घ्यायची. एका पोराचा एकच गुडघा सुजलेला बघून तिने तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि त्याच पावली दवाखान्यात धाडलं. म्हणजे आता सकाळ पाठींची आणि संध्याकाळ पायांची. मधल्या वेळात स्वयंपाक.

शहाण्णव साली तिला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, अन्न जाईना. एका सकाळी साडेसहाला विष्णुपंत आले, रिटायर झालेले, काठी टेकत. सुंदराबाई पहिल्यांदाच म्हणाली, आज नको. पण ते तोवर जमिनीवर पालथे झाले होते, त्यांना उठवणार कोण?

अंजनी खाटेवरून उतरली. तेरा-चौदा वर्षांच्या मीनलने खांदा पुढे केला, त्यावर हात ठेवून तिने डावा पाय त्यांच्या कमरेवर टेकवला. तीनदा.

"उतरली का?"

"उतरली, वहिनी."

मग तिने टॉवेल खांद्यावर टाकला, घागर उचलली आणि गॅलरीच्या टोकाला गेली. नळ गेलेला होता.