सागवानासाठी लावलेली धार

दसऱ्याला मी भिंतीवरच्या सतरा जुन्या करवती उतरवून पुसतो. अळशीच्या तेलाचा वास बोटांना लागला, की सत्तरच्या दशकातला अकोल्याकडच्या मालेगावचा बाजार आठवतो आणि स्वतःचाच राग येतो.

एक म्हातारा सुतार गोणपाटावर आपली करवत विकायला बसला होता. तिची लाकडी मूठ त्याच्याच अंगठ्याने झिजलेली. मी घासाघीस न करता ती घेतली, तर त्याने परत मागितली.

"थांबा, गुरुजी. बोथट करवत देनं आमच्यात चालत नाई. काय कापसान?"

भिंतीला टांगणार म्हटलं तर देणार नाही, या भीतीने मी म्हणालो, "सागवान."

तो खूश झाला. तासभर उन्हात बसून त्याने कानशीने एकेक दात घासला. देताना म्हणाला, "कापाले मानूस लागला तं मले बलवजा. मी इथल्याच जऊळक्याचा. काम नाई, म्हून इकून राह्यलो."

"बोलावतो," म्हणालो. धार फुकटात मिळाली, याचाच आनंद होता.

त्याच उन्हाळ्यात घराला सागवानी दारं बसवली. तयार, अकोल्याहून आणलेली.

ती करवत पुसताना अजूनही बोट जपावं लागतं.