यात्रेच्या दुसऱ्या दिवशीची शाळा

अन्याय झाला तो कुसुमबाईंवर. पलूसजवळच्या आमच्या दोनशिक्षकी शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. साल १९७४, माघातल्या यात्रेचा दुसरा दिवस, दुपार. करणारा मी. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही — घरी नाही, आपल्या शिक्षक संघटनेत तर नाहीच.

तुम्ही संघटनेतले, मला ओळखता. 'वर्ग सोडणारा शिक्षक चोर आहे' हे पत्रक माझं. सांगलीच्या, साताऱ्याच्या स्टँडवर मीच वाटलं. त्यातलं एक अक्षर मी मागं घेत नाही. फक्त — ते मला इतकं पक्कं कुठून ठाऊक?

आमच्याकडं सुट्टी यात्रेच्या पहिल्या दिवशी, आणि कुस्त्या दुसऱ्या दिवशी. हा नियम करणाऱ्यानं हलगी कधी ऐकलीच नसावी. दुपारी ती कडाडली, आणि माझी चौथीची पोरं नकाशाकडं बघत मांडीवर ठेका धरायला लागली. मी काय करावं? छडी उगारावी? मी चपला घातल्या. म्हटलं, चला, निसर्गनिरीक्षण.

पोरं नेली. पोरी तिथंच राहिल्या — त्यांना काही सांगावं, एवढंही सुचलं नाही.

पण खोटं कशाला बोलू? तो दिवस लय आनंदाचा होता. रेवडीवरच्या, म्हणजे बक्षीस म्हणून रेवड्या मिळणाऱ्या लहानग्यांच्या कुस्त्यांत माझी पोरं मनसोक्त लोळली. मग पंच म्हणून बसलेला म्हातारा पैलवान म्हणाला, "आवं गुरुजी, पोरांस्नी लढिवता आन् सवता काठावर व्हय? काढा की सदरा." काढला. शेजारच्या गावचा गडी एकेरी पटावर, एकच पाय ओढून पाडला, नारळ मिळवला. पोरं मला खांद्यावर घ्यायला गेली आणि आम्ही सगळेच मातीत. त्यानंतर मी तसा हसलेलो नाही.

त्याच दुपारी दिपोटीसाहेब तपासणीला आले होते. माझा वर्ग रिकामा. माझ्या पोरी बाईंनी स्वतःच्या वर्गात बोलावून घेतलेल्या, दाटीवाटीनं पाढे म्हणत होत्या. मास्तर कुठं, असं साहेबांनी विचारलं. बाई म्हणाल्या, मीच पाठवलं. माझी नेमणूक तेव्हा कच्ची होती. ठपका बाईंच्या नावावर लागला.

संध्याकाळी अंगभर माती घेऊन मी परतलो. बाईंनी झालं ते सांगितलं. मग विचारलं, "जिंकलात ना पण?" मी मान हलवली. "मग फोडा." शाळेच्या पायरीवर नारळ फोडला, थांबलेल्या पोरींना खोबरं वाटलं. बाईंनीही खाल्लं, हसत.

उद्या साहेबांना जाऊन सांगतो, असं ठरवलं — गेलो नाही. नोकरी पक्की झाली, तरी गेलो नाही. मग भीती कसली होती? उलट पत्रक लिहिलं. गावात पारावर म्हणाले, "हे बाईंवरच लिवलंय जणू. मास्तरला यात्रंला त्यांनीच धाडलं न्हवं." मी तिथंच उभा होतो. बाईंनीही ते वाचलं. म्हणाल्या, भाषा चांगली आहे. आणि तुम्ही — सभेत ते वाचलं तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या.

संघटनेच्या येत्या सभेत मी वर्ग सोडणाऱ्या शिक्षकांवरच बोलणार आहे; बाईही येणार आहेत. बोलायलाच हवं. तुम्ही पुढं बसा. मी तोंड उघडलं की उठा आणि विचारा — गुरुजी, यात्रेच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही कुठं होता? बाईंच्या देखत उत्तर दिल्याशिवाय मला खाली बसू देऊ नका.