मूळबिंदूभोवती फिरलेला त्रिकोण

दहावीनंतर माझी शाळा सुटली. बारावी आणि बीसीए मी रायपुरात, घरापासून लांब, नोकरी करत बाहेरून केलं. आता एमसीएचा एकच पेपर उरला होता, कॉम्प्युटर ग्राफिक्स. नापास तर आधी झालेच होते. ही शेवटची संधी. हा गेला की पदवी गेली.

खरं तर दिवसभर मी ग्राफिक्सच करायची. ब्राह्मणपाऱ्यातल्या फ्लेक्सच्या दुकानात बोर्ड डिझाइन करायची. माउसनं ओढलं की मिठाईचा डबा, नेत्याचा फोटो, सगळं जागच्या जागी फिरे. म्हणून गणितातला त्रिकोणही मी जागच्या जागीच फिरवायची. उत्तर दरवेळी चूक. सूत्रं पाठ करावीत, तर दुपारपर्यंत पुसलेली.

शेजारच्या खोलीतली दीदी नव्या रायपुरात कॉम्प्युटरचीच नोकरी करायची. मराठी घरातली, पण जन्म इथला; समजायचं सगळं, बोलायची हिंदीत. एका रविवारी मी तिच्यापुढं रडलेच.

"मले नाही जमत, दीदी. दहावीवाली पोट्टी, काहून या फंदात पडली मी?"

"रोना बाद में. इधर देखो." तिनं खोलीचं दार उघडलं, लावलं. "ये अपने पेट पे, बीचोंबीच, घूमा क्या?"

"नाही. बिजागरीवर."

"हव. किताब में वो बिजागरी ज़ीरो है, तुम्हारा मूळबिंदू. सब उसी के चारों तरफ़ घूमेगा."

"मंग जागेवरच फिरवायचं असन तं?"

"पहले मायके लाओ, यानी ज़ीरो पे, घुमाओ, फिर ससुराल, उसकी अपनी जगह, छोड़ आओ."

रडता रडता हसले. पुस्तकानं पानभर सांगितलेलं तिनं एका ओळीत दिलं. हे उपकार मी कुठं फेडणार?

परीक्षेत तोच त्रिकोण आला: मूळबिंदूभोवती नव्वद अंश फिरवा. सवयीच्या हातानं तो जागेवरच फिरवला. मग दार आठवलं. काट मारली, पुन्हा मांडलं. त्रिकोण आलेखाची उभी रेघ ओलांडून डावीकडे जाऊन पडला. डोळ्यांना पटेना, असा बोर्ड गिऱ्हाइकानं तोंडावर फेकला असता. खोडायला पेन टेकवलंही. मग टोपण लावलं आणि बेल होईपर्यंत हात मांडीखाली दाबून बसले.

बाहेर येऊन दीदीला फोन लावला.

"कहाँ गया त्रिकोण?"

"लय दूर. डावीकडे."

"तो घर आ जाओ," ती म्हणाली. "सही गया है."