डाव्या बाजूचा जादा पाटा

आमच्या पिकअपला कंपनीचेच पाटे ठेवायचे की जादा पाटा टाकायचा, हा निर्णय मी घेतला. झोपेत.

पाटे म्हणजे गाडीच्या मागच्या चाकांवर एकावर एक रचलेल्या लोखंडी कमानपट्ट्या. गाडी डुलते ती त्यांच्यावर. आमच्या दत्ताचा, म्हणजे माझ्या लेकाचा, कितीतरी दिवस एकच जप चालला होता. "आई, कांदा भरला की गाडी मागनं बसती. पाटा वाढवू."

सूनबाई सुनंदा भाकरी थापता थापता म्हणायची, "आन् रिकामी गाडी मग बेडकावानी उड्या मारंल, तिचं काय? माझी अंडी फुटत्याल बाजारात जाईस्तोवर!"

मी सुनेच्या बाजूची! (सासू सुनेच्या बाजूची म्हटल्यावर दत्ताला तिथंच संशय यायला हवा होता.) खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला घरी झोप लागत नाही. गादी बदलून झाली, उशाची दिशा बदलून झाली, तळपायाला तेल चोळून झालं. पण पिकअपच्या हौद्यात गोधडीवर आडवी झाले आणि गाडी काष्टीच्या रस्त्याला लागली, की काय सांगू! आभाळ झोळीसारखं हलायला लागतं, उसाचे तुरे कानाशी येऊन काहीबाही पुटपुटतात, आणि मी गेलेच! आता असल्या पाळण्यात आणखी लोखंड घालू द्यायचं?

शेवटी ठरलं, की काष्टीच्या मिस्त्रीला रिकामी गाडी दाखवायची. रिकामीच बसलेली दिसली तर पाटा टाकायचा, नाहीतर पुन्हा नाव काढायचं नाही. मी लगेच कबूल! रिकामी गाडी कशाला बसतेय?

काष्टीत भावकीतल्या पोरीची हळद होती. दत्ता म्हणाला, "तुमा बायकांना तिथं सोडतो आन् तसाच मिस्त्रीकडं जातो." हौद्यात आम्ही सगळ्या दाटीवाटीनं, वर उन्हाला ताडपत्री. मी डावा कोपरा धरला, धुळीसाठी तोंडावरून गोधडी ओढली, आणि वेशीबाहेर पडायच्या आतच माझं आभाळ हलायला लागलं.

मांडवापाशी बायका उतरल्या. मी दिसेना म्हटल्यावर सुनंदा म्हणे म्हणाली, "आत्याबाई म्होरं गेल्या आसतील, पंगत बसायचीय ना!" (माझी घरात ही किंमत!) सगळ्यांना पटलं. बायकांनी आपापल्या गोधड्या कोपऱ्यात ढकलल्या, म्हणजे माझ्याच अंगावर, आणि दत्ता निघाला.

मी जत्रेत होते. मोठ्या पाळण्यात बसले होते, शेजारी आमचे मालक. देवाघरी गेल्यापासून पहिल्यांदाच एवढे निवांत बसलेले, रेवड्या खात. पाळणा हळूहळू वर चढला (हा जॅक!). खाली ढोल वाजत होता (हा मिस्त्रीचा घण!). मी म्हटलं, "आवो, किती हळू फिरवतोय न्हाई हा?" ते म्हणाले, "झोप तू." जन्मात पहिल्यांदा त्यांचं मुकाट ऐकलं.

खाली काय चाललं होतं ते दत्तानं नंतर सांगितलं. मिस्त्री गाडीभोवती फिरून म्हणाला, "दत्ताभाऊ, डावीकडं बसली की वो!"

"आवं, रिकामी हाय!"

"म्हून तर म्हनतोय. मागं काय हाय?"

"गोधड्या. बायकांच्या."

"गोधड्यांनी कुठं गाडी बसती व्हय? पाटा थकलाय. उजवीकडं ठीक हाय, डावीकडंच एक टाकू."

दत्ताला एवढा आनंद झाला, की त्यानं मिस्त्रीला भजी खाऊ घातली. पाटा बसला, जॅक उतरला, आणि स्वारी फेरी मारायला निघाली. पुढं गतिरोधक. धाड्! मी गोधड्यांसकट ताडपत्रीला जाऊन थडकले! दत्ताला आरशात दिसलं, की एक गोधडी उठून उभी राहिलीय आणि "मेले गं बाई!" म्हणतेय.

ब्रेक! "आई? तू हळदीला न्हाई गेलीस?"

"ते राहू दे. पाळणा कुणी थांबवला?"

गाडी माघारी मिस्त्रीकडं. मी खाली उतरले, तशी डावी बाजू सुस्कारा टाकल्यासारखी वर आली आणि गाडी उजवीकडं कलली. मिस्त्रीनं गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मग पुन्हा गाडीकडं.

"म्हंजे मिस्त्री," दत्ता हळूच म्हणाला, "थकलेला पाटा न्हवता..."

"काढा मग तो!" मी म्हणाले. माझ्या झोपेचा प्रश्न होता!

मिस्त्री हात पुसत म्हणाला, "मावशी, कशाला काढायचा? तुमी कोपऱ्यात बसत जावा. बघा, गाडी कशी सरळ!"

बसून बघितलं. गाडी सरळ! आणि परत निघालो तर काय, माझ्याखाली तो जादा पाटाही दबून पहिल्यासारखाच डुलायला लागला. उसाचे तुरे वाकले, आभाळाची झोळी झाली. हळद राहिली ती राहिलीच.

आता रिकामी गाडी कुठं न्यायची असली, की दत्ता हाक मारतो, "आई, चल गं, गाडी कललीय!" सुनंदा म्हणते, "आत्याबाई, जरा जेवण कमी करा." मी बरी करीन! पोळीवर दुसऱ्यांदा तूप ओढून घेते आणि तिला सांगते, "मला कुठं हवंय बाई? गाडीसाठी खातेय!"