आईच्या हाताचा नळ

पांढऱ्या सिमेंटचा ओला वास आला की मला परभणीच्या घरात न्हाणी बांधली ते दिवस आठवतात. आईचे गुडघे गेले होते, अंगणातल्या न्हाणीपर्यंत तिला जाववत नव्हतं, म्हणून जिन्याखालच्या कोब्यावरच टाईल्स बसवून आत नवी न्हाणी करायला घेतली. नळाची उंची ठरवायला मिस्तरीनं आईलाच तिथं स्टुलावर बसवलं आणि हात पुढं करायला लावला. "अजून खाली घे बाबा, हात पुरंना," आई म्हणाली. "मावशी, बाकीच्यायला लय वाकावं लागंल." "वाकतेत की, तरणी हायत," म्हणून ती हसली. तिच्या बोटांपाशी मिस्तरीनं पेन्सिलीनं खूण केली. पांढऱ्या सिमेंटनं टाईल्सचे सांधे भरून झाल्यावर तो बजावून गेला, वाळेस्तोवर पाणी सांडू नका. आई रोज सकाळी विचारायची, "वाळलं का रे?" मी म्हणायचो, उद्या. त्या उद्याच्या आधीच ती गेली. रीतीप्रमाणं बायांनी तिला अंगणातच, चादरीच्या आडोशाला शेवटची आंघोळ घातली. आतली न्हाणी त्या दिवशी कोरडीच राहिली. परवा दुरुस्तीला आलेला प्लंबर म्हणाला, नळ वर घेऊ का? नको म्हणालो. आम्ही सगळे रोज सकाळी त्या नळापाशी वाकतो.